उंब्रज ते वासोटा : शिवसागरावरची दोन दिवसांची नौकासहल

कोयना धरणामागे पसरलेल्या शिवसागर जलाशयावर शनिवार-रविवारी बोटीने हिंडायला जाण्याची रीत सातारा, कराड आणि उंब्रज परिसरात आता चांगली रुळली आहे. उंब्रज हे तारळी आणि कृष्णेच्या संगमावरचे, पुणे-बंगळूर महामार्गालगतचे गाव. तिथून साताऱ्यामार्गे जलाशयाच्या काठावरचे बामणोली सुमारे 70 किलोमीटरवर आहे. पहाटे निघालेले कुटुंब सकाळच्या दुसऱ्या चहाला तिथे पोचते. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरलाच उगम पावतात. कृष्णा वाईकडून साताऱ्याच्या मैदानी मुलखात उतरून उंब्रजला येते. कोयना मात्र सह्याद्रीच्या दोन रांगांमधल्या अरुंद खोऱ्यातून साधारण 65 किलोमीटर थेट दक्षिणेला जाते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरून भेटते. शिवसागराची सहल म्हणजे या दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात केलेला प्रवास. हे खोरे 1960 च्या दशकात पाण्याखाली गेले.

मुंबईत नौकाविहाराच्या क्लबांची परंपरा जुनी आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना 1846 ची. अशा क्लबात सभासद स्वतः शिडाची नौका चालवतात, सुट्टीच्या दिवशी घरच्यांना आणि मित्रांना घेऊन बंदरापलीकडच्या किनाऱ्यावर जातात आणि वारा पाहून परततात. पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्रही शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. शिवसागरावर शीड दिसत नाही. इथल्या बोटी डिझेल इंजिनावर चालतात आणि इथल्या क्लबचे सभासद हौशी प्रवासी नसून बोटवाले स्वतः आहेत. बामणोलीचा भैरवनाथ बोट क्लब आणि तापोळ्याचा शिवसागर बोट क्लब या स्थानिक गावकऱ्यांच्या संस्था आहेत. बोट सभासदाच्या मालकीची, पण तिचा नंबर क्लब लावतो, भाडे क्लब ठरवतो आणि पावतीही क्लबच फाडतो. भाडे माणशी नसते, अख्ख्या बोटीचे असते. दहा-बारा जणांचा जमाव असला की ते परवडते. त्यामुळे ही सहल एकट्या-दुकट्याची होतच नाही; शाळेतली जुनी तुकडी, भिशीचे मंडळ, दोन-तीन घरची मुले-सुना-आज्या अशी माणसे एकत्र करूनच ती काढावी लागते. तिला सोबतीचा रंग चढतो तो या हिशेबामुळे.

या बोटवाल्यांची गोष्ट समजून घेतल्याशिवाय जलाशय नीट कळत नाही. कोयना धरणाची भिंत 103 मीटर उंच आणि 807 मीटर लांब आहे. आज जलाशयाची क्षमता 105.25 अब्ज घनफूट धरली जाते आणि पोफळी परिसरातल्या भूमिगत वीजगृहांसह प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता 1,960 मेगावॅट आहे. महाराष्ट्राच्या उद्योगाला या विजेने उभे केले. पण पाणी चढले तेव्हा नदीकाठची भातखाचरे, देवळे, वाडे आणि घरे बुडाली. हजारो कुटुंबे उठली. त्यांतली कित्येक रायगड, ठाणे, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत पांगली. काही पाणी चढेल तशी डोंगरउतारावर सरकत तिथेच राहिली. जमीन गेल्यावर उरलेल्यांनी मुंबई गाठली. जावळी आणि पाटण तालुक्यांतले हजारो तरुण तिथल्या बाजारात आणि गोदीत पाठीवर पोती वाहू लागले. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील हे याच पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा लढा श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली अगदी अलीकडेपर्यंत चालू राहिला आहे. जे मागे राहिले त्यांच्यासाठी बोट ही चैन नव्हती. शाळेला, बाजाराला, दवाखान्याला जायचे तर पाणी ओलांडणे भाग होते. पश्चिम काठावरच्या कांदाटी खोऱ्यातल्या गावांना आजही त्याची जाणीव आहे. पर्यटकाला घेऊन निघालेला बोटवाला अनेकदा आपल्याच आजोबांच्या शेतावरून बोट नेत असतो. विचारले तर तो सुकाणूवरचा हात न काढता मानेनेच दाखवतो, जुने गाव कुठे होते ते.

सहलीचा काळ निवडताना बहुतेकांची एक गल्लत होते. कासच्या पठारावरची फुले आणि वासोट्याचा किल्ला एकाच फेरीत पाहावेत असे मनात असते. फुलांचा भर सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीचा. वासोट्याकडे जाणारी वाट मात्र पावसाळ्यात वनखाते बंद ठेवते आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडते. म्हणजे एक सुरू होताना दुसरे सरत आलेले असते. पाण्यासाठी आणि किल्ल्यासाठी यायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम: जलाशय बऱ्यापैकी भरलेला, आभाळ स्वच्छ, रान अजून हिरवे. मार्चनंतर पाणी झपाट्याने उतरते. वर्षभरात 67.5 अब्ज घनफूटपर्यंत पाणी वीजनिर्मितीसाठी बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणात सोडता येते; ही मर्यादा कृष्णा पाणी तंटा लवादाने घालून दिली आहे. ते पाणी कृष्णेला मिळत नाही, वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. मे महिन्यात काठाला लाल मातीचा उंच पट्टा उघडा पडतो, बोट धक्क्याला न लागता खाली चिखलात लागते आणि माणसांना फळीवरून चढावे-उतरावे लागते. त्याच दिवसांत जुन्या घरांची जोती आणि देवळांचे दगड पाण्याबाहेर येतात, आणि उघड्या पडलेल्या गाळावर काठचे शेतकरी पेरणी करतात. ज्यांना बुडालेले खोरे पाहायचे आहे त्यांनी उन्हाळ्यातच यावे. सोबत म्हातारी माणसे असतील तर मात्र तो काळ टाळावा.

उंब्रजहून महामार्गाने काशीळ, अतीत, नागठाणे, बोरगाव, शेंद्रे ही गावे मागे टाकत साताऱ्याला पोचायला तास पुरतो. पुढे शहराच्या अंगावर आलेल्या अजिंक्यताऱ्याच्या कुशीतून, बोगद्याजवळून यवतेश्वरचा घाट सुरू होतो. घाट चढून गेल्यावर रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो आणि दोन्ही अंगांना पाणी दिसू लागते: एका बाजूला कण्हेर धरणात अडवलेली वेण्णा, दुसऱ्या बाजूला उरमोडीचा जलाशय आणि त्याच्या माथ्यावर सज्जनगड. कासचे पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. पश्चिम घाटातली जी ठिकाणे 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यांत हे पठार आहे. फुलांचा हंगाम नसला तर इथे थांबण्यात वेळ घालवू नये. त्यापेक्षा पुढच्या कास तलावाच्या काठी झाडाखाली डबे उघडावेत. सातारा शहराला पाणी देणारा हा तलाव थंडीत फार देखणा असतो. तिथून रस्ता खोऱ्यात उतरू लागतो, झाडी दाट होते आणि एका वळणावर शिवसागर समोर येतो. स्वतःची गाडी नसेल तर साताऱ्याहून बामणोलीला एसटी जाते.

बामणोलीत उतरल्यावर आधी दोन कामे करायची. एक म्हणजे बोट क्लबच्या कचेरीत दुसऱ्या दिवशीच्या बोटीचा नंबर लावणे, आणि दुसरे म्हणजे वनखात्याकडून वासोट्याचा परवाना काढणे. सुट्टीच्या दिवसांत दोन्हीकडे रांग असते. ओळखपत्रे, माणसांची संख्या आणि गटातल्या एकाचे नाव-पत्ता आधीच कागदावर लिहून आणलेला बरा. मग शनिवारची दुपार मोकळी मिळते आणि ती बोटीने जलाशयातल्या तीन नद्यांच्या संगमावर घालवावी.

बोट साधी असते: लांबट आणि अरुंद. डोक्यावर छप्पर, दोन्ही कडांना बाके आणि मध्ये पिशव्या ठेवायला जागा. एक जण नाळेवर उभा राहून लांब बांबू काठच्या मातीत टेकवतो आणि सगळा जोर लावून बोट पाण्यात रेटतो. इंजिन ठोके देत सुरू होते आणि पहिली दहा मिनिटे त्याच्या आवाजात कुणाचे बोलणे कुणाला ऐकू येत नाही. पुढे कान सरावतात. पोरे हात बाहेर काढून पाण्यात बोटे बुडवू पाहतात आणि बोटवाला दर वेळी ओरडतो. दोन्ही काठांना डोंगर थेट पाण्यात उतरलेले. पूर्वेच्या काठावर घरे, शेते आणि शेतीपर्यटनाचे तंबू दिसतात. पश्चिमेला जंगल, आणि मैलोन् मैल एकही छप्पर नाही.

संगमाच्या जागी कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्यांची खोरी एकमेकांना मिळतात. पाणी भरलेले असताना इथे तीन दिशांना तीन रुंद फाटे पसरलेले दिसतात. मोठ्या माणसांना शेंबडीच्या दत्तमंदिराची ओढ असते. मुलांचे सगळे लक्ष उत्तरेला तापोळ्याकडे, कारण तिथे गाड्या आणि माणसे एकत्र पार करणारा तराफा चालतो. जीप, मोटारसायकली, दुधाची भांडी, शाळेची पोरे आणि एखादी शेळी एकाच सपाट फळीवर उभी राहून पलीकडे निघालेली पाहिली म्हणजे या खोऱ्यातले पाणी म्हणजेच रस्ता आहे हे सांगावे लागत नाही. तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणण्याची पद्धत पडली आहे. महाबळेश्वरहून ते पंचवीस-तीस किलोमीटरवर असल्याने त्या बाजूची गर्दी तिथेच येते. निवांतपणा हवा असेल तर मुक्कामाला बामणोलीच बरी.

रात्रीचा मुक्काम गावातल्या घरी किंवा काठच्या तंबूत होतो. जेवण खोऱ्यातले: नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा, आणि मासे खाणाऱ्यांसाठी जलाशयातला मासा. ताजा मासा हवा असेल तर दुपारीच सांगून ठेवावे लागते, कारण जाळ्यात काय आले ते पाहून रांधण्याचे ठरते. डिसेंबर-जानेवारीत इथली थंडी उंब्रजच्या मानाने बरीच कडक असते. शेकोटीभोवती उशिरापर्यंत गप्पा रंगतात; पण सकाळी लवकर निघायचे असल्याने शहाणी माणसे दहाला आडवी होतात.

रविवारी पहिल्या बोटींत जागा मिळवणे महत्त्वाचे असते, कारण वासोट्याच्या पायथ्याला पोचायला सव्वा ते दीड तास लागतो आणि किल्ला चढून, उतरून, सूर्यास्ताच्या आत परत यावे लागते. रात्री किल्ल्यावर किंवा जंगलात राहायला परवानगी नाही. सकाळी वारा पडलेला असतो, पाण्यावर धुके असते आणि बोट दक्षिणेला निघते. जसजसे पुढे जावे तसतसा पूर्वेचा वसलेला काठ मागे पडतो आणि बोट एका अरुंद फाट्यात शिरते. त्याच्या टोकाला मेट इंदवली. गाव उठून गेले, नाव राहिले. आता तिथे वनखात्याची चौकी आहे.

हे कोयना अभयारण्य. 1985 मध्ये ते घोषित झाले आणि 2010 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आले. चौकीवर प्रत्येकाची पिशवी उघडली जाते. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, वेफर्सची पाकिटे मोजून वहीत नोंदवली जातात आणि अनामत रक्कम घेतली जाते. परत येताना तेवढ्या सगळ्या वस्तू, रिकाम्या वेष्टनांसह, दाखवल्या तरच पैसे परत मिळतात. एखादे पाकीट कमी भरले की गटातले सगळे आपापले खिसे चाचपू लागतात. ही पद्धत इतकी सोपी आणि इतकी परिणामकारक आहे की महाराष्ट्रातल्या प्रत्येक गडाच्या पायथ्याला ती लागू व्हायला हवी. वासोट्याची वाट तिच्यामुळेच आजही स्वच्छ आहे.

चढाई अडीच-तीन तासांची. ओढ्याजवळ मारुती-गणपतीच्या जुन्या मूर्ती लागतात, तिथून वाट दाट झाडीत शिरते. ऊन खाली पोचत नाही. शेकरू फांदीवरून फांदीवर उडी घेताना दिसते. गवा आणि अस्वल बहुधा खुणांवरूनच ओळखावे लागतात. शेवटच्या टप्प्यात झाडी संपते, पायऱ्या लागतात आणि उन्हाचा तडाखा बसतो. किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 1,170 मीटर. माथ्यावर छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर, महादेवाचे देऊळ, पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा आणि वाड्याची जोती आहेत. पण माणसे एवढी दमून वर येतात ती टोकावरच्या बाबूकड्यासाठी. एका पावलावर सह्याद्री संपतो आणि सरळ खाली कोकण दिसते. समोर जुना वासोटा, शेजारच्या रांगेत नागेश्वर, आणि हवा स्वच्छ असेल तर महिपतगड, सुमारगड, रसाळगड.

वासोट्याच्या बांधणीचे श्रेय शिलाहार राजा दुसरा भोज याला दिले जाते. जावळी जिंकल्यानंतर, 1660 मध्ये हा किल्ला स्वराज्यात आला आणि शिवाजी महाराजांनी त्याला व्याघ्रगड हे नाव दिले. इतका आडवाटेचा किल्ला कैदखान्यासाठी सोयीचा होता. राजापूरच्या वखारीतले काही इंग्रज इथे डांबले गेले होते. पेशवाईच्या उत्तरार्धात औंधच्या प्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने हा किल्ला लढवला आणि बापू गोखल्यांना तो मिळवण्यासाठी वेढा घालावा लागला. एका बाईने पेशव्यांच्या नामांकित सरदाराला इतके दिवस झुंजवत ठेवले, ही गोष्ट सातारा भागात आजही अभिमानाने सांगितली जाते. दुसऱ्या बाजीरावाने साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरातली माणसे इथेच ठेवली होती. एप्रिल 1818 मध्ये जनरल प्रिट्झलरच्या फौजेने तोफा लावून किल्ला घेतला तेव्हा ती सुटली.

गटातल्या सगळ्यांनी वर जावे असा आग्रह धरू नये. गुडघे धरलेली माणसे आणि लहान मुले चौकीजवळच्या सावलीत दिवस काढू शकतात, किंवा बामणोलीत राहून दुसऱ्या बोटीने संगमाची फेरी करू शकतात. वर जाणारे आणि खाली थांबणारे अशी वाटणी आदल्या रात्रीच ठरलेली बरी; चौकीवर उभे राहून ठरवू लागले की अर्धा तास वाया जातो आणि कुणीतरी रुसते.

या जलाशयाचा एक भाग सर्वांना बंद आहे. धरणाच्या भिंतीकडचा पट्टा सुरक्षेच्या कारणाने प्रतिबंधित असल्याने कोणतीही सहल धरणापर्यंत बोटीने जात नाही. ज्यांना धरणाची बाजू पाहायची आहे त्यांनी वेगळ्या दिवशी उंब्रजहून मल्हारपेठ, पाटणमार्गे कोयनानगर गाठावे. तिथे नेहरू उद्यान आहे आणि पावसाळ्यात नवजाजवळचा ओझर्डे धबधबा. जलाशयाच्या वरच्या अंगाला मुनावळे इथे 2024 मध्ये पर्यटन विकास महामंडळाचे जलपर्यटन केंद्र सुरू झाले असून वेगाच्या बोटींची आवड असणारे तिकडे वळू लागले आहेत. नव्या केंद्रामुळे खोऱ्यात पैसा येईल, आणि तो यायलाच हवा. मात्र त्यातला वाटा बुडालेल्या गावांतल्या बोटवाल्यांना मिळाला तरच त्याला न्याय म्हणता येईल.

परतीचा प्रवास दुपारनंतरचा आणि तेव्हाच वारा उठतो. लांबट खोऱ्यात तो मोकळा सुटतो, पाण्यावर लाटा धरतात, नाळेवर शिंतोडे उडू लागतात. अशा वेळी छायाचित्रासाठी सगळे एका कडेला धावले की बोट कलते. बोटवाला बसायला सांगेल तिथे बसून राहावे. उन्हाळ्यात वळवाचे ढग दिसत असतील तर काठ सोडूच नये. 21 मे 2024 रोजी उजनीच्या जलाशयात कळाशी-कुगाव दरम्यान प्रवासी बोट अचानक सुटलेल्या वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. शिवसागराचे पाणीही खोल आहे. क्लबच्या बोटीत जीवरक्षक जॅकेटे असतात, पण उकडते म्हणून ती बाकाखाली सारली जातात. पावतीवर माणसे लिहून देताना कडेवरचे मूलही मोजावे आणि त्याच्या मापाचे जॅकेट हातात पडेपर्यंत बोटीत पाऊल ठेवू नये.